प्लॉट काकांचा, पण वरची हवा कोणाची?

सोलापुरातल्या एका तरुण वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते. वडिलांचा फोटो स्टुडिओ आहे, आता तो मुलगाच सांभाळतो. लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत नसते, पण बाकीचे महिने कोरडे जातात. दुबईत असलेल्या मावसभावाने गेल्या वर्षी येताना एक छोटा ड्रोन आणून दिला. खोक्यावर वजन लिहिलंय २४९ ग्रॅम. वडिलांचे जुने स्नेही, ज्यांना हा लहानपणापासून काका म्हणतो, प्लॉटिंग आणि बांधकामाच्या धंद्यात आहेत. त्यांना होटगी रोडकडच्या प्लॉटचे आणि जुळे सोलापुरातल्या एका अपार्टमेंटचे वरून काढलेले फोटो आणि व्हिडिओ जाहिरातीसाठी हवे आहेत, तेही दिवाळीच्या आत. परवानगीचं विचारलं तेव्हा काका म्हणाले, "जागा माझी, बिल्डिंग माझी, परवानगी मीच देतो की. लग्नात काय परवानगी काढून उडवतात का? अरे, काय होत नाही, उडव तू." वडील म्हणतात, काकांना नाही म्हणायचं नाही, आपल्या पडत्या काळात त्यांनी मदत केली आहे. मित्र म्हणतो, दंड होतो, ड्रोन जप्त होतो. वाचक विचारतो, "काम सोडू की करू? आणि करायचं तर नक्की काय काय लागतं?"

प्रिय वाचक,

तुम्ही उडवण्याआधी विचारलंत, याचा मला खरोखर आनंद झाला. मला येणारी बहुतेक पत्रं ड्रोन जप्त झाल्यावरची असतात.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. जागेच्या मालकाने हो म्हटलं की झालं, ही पहिली. ड्रोन छोटा आहे म्हणजे नियम लागत नाहीत, ही दुसरी. आणि तिसरी, जी तुम्ही लिहिलेली नाही पण ओळीओळीत दिसते, ती अशी की तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत: काकांचं ऐकायचं, नाहीतर काकांना दुखवायचं. तिसऱ्या गोष्टीकडे शेवटी येते. आधी पहिली, कारण सोलापूरकरांच्या दृष्टीने तीच सगळ्यात मोठी आहे.

प्लॉटचा सातबारा काकांच्या नावावर असेल, पण त्यावरची हवा सातबाऱ्यावर चढत नाही. भारतात ड्रोनसाठी ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. त्यांनी देशाच्या आकाशाचे तीन भाग केले आहेत, ग्रीन, यलो आणि रेड झोन. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा यलो झोन असतो, अगदी जमिनीपासून; त्याहून जवळचा भाग रेड झोनमध्येही असू शकतो. यलो झोनमध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाची आगाऊ परवानगी लागते. १० फूट उडवा नाहीतर १०० फूट. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्यावर परत परवानगी.

आता आपलं शहर डोळ्यांसमोर आणा. विमानतळ होटगी रोडला. काकांचे प्लॉट होटगी रोडकडे. जुळे सोलापूर, आसरा चौक, मजरेवाडी, विजापूर रोडचा मोठा भाग, इतकंच काय, सिद्धेश्वर मंदिर आणि तळ्याचा परिसरसुद्धा ८ किलोमीटरच्या आत येतो. अंतर विमानतळाच्या कुंपणापासून मोजायचं असतं, टर्मिनलच्या दारापासून नाही, त्यामुळे अंदाजापेक्षा ते कमीच भरतं. बाळ्याच्या बाजूला गेलात तर कदाचित दुसऱ्या पट्ट्यात असाल, केगावच्या विद्यापीठाकडे त्याच्याही बाहेर. पण 'कदाचित'वर ड्रोन उडवू नका. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा सरकारनेच सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. त्यावर तुमची नेमकी जागा शोधा, उडवायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

काही वर्षांपूर्वी कोणी म्हणालं असतं, "कुठलं विमानतळ? तिथे विमान कधी येतं?" आता तसं म्हणायची सोय नाही. २०२५ मध्ये गोव्याची आणि मग मुंबईची विमानं सुरू झाली. त्यासाठी या शहराने काय मोजलंय ते तुम्हाला मी सांगायला नको. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, ती विमानांच्या वाटेत येते म्हणून. ती पडताना अर्धं शहर मोबाइल धरून उभं होतं. कोणी सुटकेचा श्वास टाकला, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणाची बाजू बरोबर हा आजचा विषय नाही. मला एवढंच म्हणायचंय की चिमणी निदान एका जागी उभी होती, तिची उंची वैमानिकांना माहीत होती. परवानगीशिवाय वर गेलेला ड्रोन कुठे आहे हे टॉवरला माहीत नसतं आणि उतरणाऱ्या वैमानिकाला तर तो दिसणारही नाही.

आता वजनाची गोष्ट. इथे तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे आणि तुम्हीही अर्धे बरोबर आहात.

२५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला नियमांत नॅनो म्हणतात, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनो उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पैसे घेऊन काम केलंत तरी. मायक्रोला मात्र फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी सूट आहे. म्हणजे २५० ग्रॅमच्या वर गेलात आणि फोटो प्लॉट विकायला वापरले जाणार असतील, तर सर्टिफिकेट हवंच. "मी काकांकडून पैसे घेतले नाहीत, ओळखीत केलं" या बोलण्यावर मी तरी विसंबणार नाही. फोटो जाहिरातीसाठी आहेत, हे उघड आहे.

खोक्यावरचा २४९ हा फार नाजूक आकडा आहे. एकच ग्रॅम हाताशी उरतो. पात्यांभोवती गार्ड बसवले, लेन्सवर फिल्टर लावला, जास्त वेळ उडावा म्हणून मोठी बॅटरी टाकली की काटा पुढे सरकतो. मोठ्या बॅटरीने तर सहज. नियम बघतो ते उडतानाचं सगळं वजन, अंगावरच्या सामानासकट. स्वयंपाकघरातल्या काट्यावर जाऊ नका. ओळखीच्या सराफाकडे जा, त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बॅटरी, मेमरी कार्ड, फिल्टर, गार्ड, तुम्ही जसा उडवणार तसाच ठेवा आणि काट्याचा फोटो काढून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण तुम्ही कोणत्या नियमात बसता ते तिथे ठरतं.

पण नॅनो ठरला तरी सुटलात असं नाही. झोनचा नियम वजन बघत नाही. होटगी रोडला २४९ ग्रॅमलाही झोनची परवानगी लागतेच. नोंदणीही करावीच लागते: डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या ऑनलाइन व्यवस्थेत ड्रोनची नोंद करून त्याचा यूआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, घ्यायचा. त्याची फी १०० रुपये आहे. नॅनोला जी सूट आहे ती टाइप सर्टिफिकेटमधून (म्हणजे ड्रोनच्या मॉडेलला मिळणारी मान्यता), पायलट सर्टिफिकेटमधून आणि थर्ड पार्टी विम्यातून. त्यावरच्या ड्रोनला गाडीसारखा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे.

आणि आता जे लिहायला मला जड जातंय ते. तुमचा ड्रोन गेल्या वर्षी दुबईहून आला. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद आहेत, सुट्या भागांना परवानगी आहे. बॅगेतून प्रेमाने आणलेल्या भेटवस्तूला त्यात वेगळी जागा नाही. तुमच्या मावसभावाला हे माहीत नसणार. दुबईच्या दुकानात तो ड्रोन मोबाइलसारखा शेल्फवर मांडलेला असतो. पण ज्या ड्रोनच्या येण्याचा कागदच नाही, त्यावर स्टुडिओचं नाव टाकून धंदा उभा करू नका. कोणी "नोंदणीत जुनी तारीख टाकू" असं सुचवेल. ते तर अजिबात करू नका, आत्ता तुमच्या हातून झालेली चूक अजाणतेपणाची आहे, खोटी तारीख टाकलीत की ती तशी राहणार नाही. तो ड्रोन दुसऱ्याला विकूही नका. कस्टमची कामं बघणाऱ्या वकिलाला एकदा भेटा, त्याची फी या सगळ्या खर्चात सगळ्यात स्वस्त ठरेल.

ड्रोन नियम मोडल्याचा दंड १ लाख रुपयांपर्यंत आहे. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. काही झालं तर कागदावर नाव कोणाचं येणार? रिमोट ज्याच्या हातात होता त्याचं. "काय होत नाही" म्हणणारे काका त्या वेळी कुठेतरी सावलीत उभे असतील. ते वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही, त्यांना हे ठाऊकच नसावं. पण जबाबदारी त्यांची आणि तुमची सारखी नाही, आणि हे वडिलांनाही शांतपणे सांगायला हवं.

लग्नात सगळे उडवतात, हे खरं आहे. पोलिसांनी आजवर किती जणांना विचारलं, हेही मला माहीत आहे. पण लग्नाचा व्हिडिओ घरच्या माणसांत फिरतो. तुमचा व्हिडिओ बिल्डरच्या जाहिरातीत, खाली स्टुडिओच्या नावासकट, महिनोन्महिने दिसणार. प्लॉट कुठला, ड्रोन किती उंच गेला, मागे धावपट्टी दिसते का, सगळं त्यातच नोंदलेलं. त्यात शहरात गड्ड्याची यात्रा असो, कोणा मोठ्या नेत्याचा दौरा असो, किंवा आषाढीत पंढरपूरकडचा बंदोबस्त असो, पोलीस ड्रोनवर तात्पुरती बंदी घालतात. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत रेड झोन जाहीर करू शकतो. म्हणून परवानगी हातात असली तरी त्या आठवड्यातले पोलिसांचे आदेश बघायचे. आणि हो, पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराने "उडवा" म्हटलं, ही झोनची परवानगी नव्हे.

एक आठवण सांगते, कारण नियमांच्या पलीकडचीही एक बाजू आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी मी माझ्या मावसबहिणीकडे सोलापूरला होते. एप्रिलची सकाळ, गच्चीवर जुन्या साड्या अंथरून आम्ही कुरडया घालत होतो. बहिणीच्या सासूबाई साचा धरून बसलेल्या, हात चिकाने भरलेले. तेवढ्यात भुंग्यासारखा आवाज आला आणि शेजारच्या बांधकामावरून एक ड्रोन आमच्या गच्चीवर येऊन थांबला. सासूबाईंचा पदर खांद्यावरून सरकला होता. हात चिकाचे, त्यामुळे पदर धरता येईना. त्यांनी कोपराने तो वर ढकलायचा प्रयत्न केला आणि साचा पडला. ड्रोन मिनिटभर तसाच थांबून निघून गेला. उडवणाऱ्याला त्या दिसल्याही नसतील, तो बिल्डिंगचा कोन शोधत असेल. पण त्या दिवसभर त्या माउली विचारत राहिल्या, "माझा फोटो कुठं गेला असंल गं?" मला उत्तर देता आलं नाही.

सोलापुरात उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात. गच्ची हे घरच असतं. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, आणि बाईचं खाजगी क्षणी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. तुमचा तसा हेतू नसणार. पण हेतू खाली गच्चीवर बसलेल्या माणसाला कळत नाही. म्हणून अपार्टमेंटचं चित्रीकरण असेल तेव्हा आदल्या दिवशी आजूबाजूच्या घरांना स्वतः जाऊन सांगा, उद्या अमुक वेळेला अर्धा तास ड्रोन असेल. कॅमेरा शक्यतो काकांच्या इमारतीकडे तोंड करून ठेवा. चेहरे, गाड्यांचे नंबर आले तर एडिटमध्ये पुसा.

पुसण्यावरून आठवलं. पुसू नये अशाही गोष्टी असतात. प्लॉटमागचा ओढा, वरून गेलेली हाय टेन्शन लाइन, शेजारची वीटभट्टी फोटोतून काढून टाक, असं तुम्हाला नक्की सांगितलं जाईल. ते करू नका. रेरा, म्हणजे बांधकाम आणि प्लॉटिंगच्या प्रकल्पांवरच्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खोट्या जाहिरातीवर विसंबून कोणी पैसे भरले तर त्याला भरपाई, पैसे परत मागण्याचा हक्क आहे. तो दावा बिल्डरवर येईल, पण फोटो तुमचा असेल. वरून काढलेल्या फोटोवर लाल रेघ ओढून "ही आपली हद्द" दाखवायची फॅशनही आहे. भूमि अभिलेखच्या मोजणीचा नकाशा काकांनी दिल्याशिवाय ती रेघ ओढू नका. प्रकल्प महारेरात, म्हणजे त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणात, नोंदवण्याइतका मोठा असेल, म्हणजे जागा ५०० चौरस मीटरहून जास्त आणि सदनिका आठाहून जास्त, तर नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. काम घेतानाच महारेराचा नंबर मागा. खरं काम असेल तर मिनिटात मिळतो.

मग करायचं काय? तुमच्या जागी मी असते तर दिवाळीचं काम सोडलं नसतं, पण माझ्या ड्रोनने केलं नसतं. ज्याच्याकडे नोंदणी झालेला ड्रोन, त्याचा यूआयएन, लागत असेल तिथे पायलट सर्टिफिकेट आणि विमा आहे, असा माणूस दिवसाच्या भाड्याने बोलवा. पुण्याकडून मागवावा लागला तरी चालेल. कागद व्हॉट्सअॅपवर घ्या, मूळ कागद कामाच्या दिवशी डोळ्यांनी बघा. झोनची परवानगी तो काढणार की तुम्ही, हे आधी ठरवा, आणि परवानगी हातात येईपर्यंत काकांना तारीख देऊ नका. दिग्दर्शन तुमचं, एडिट तुमचं, स्टुडिओचं नावही तुमचं. त्याचा खर्च बिलात वेगळा दाखवा. गिऱ्हाइकाला कळू द्या की या कामात परवानगीलाही पैसे लागतात.

परवानगी वेळेत नाही आली तर? रिकाम्या प्लॉटसाठी वीस-पंचवीस फुटांची काठी, टोकाला कॅमेरा आणि फोनवरून शटर, एवढ्याने जे मिळतं ते बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. रस्ता, कोपरा, शेजारची घरं, सगळं येतं. खरं तर प्लॉटच्या फोटोला फार उंची लागतच नाही. चारशे फुटांवरून अर्धा एकर काडेपेटीएवढा दिसतो, गिऱ्हाइकाला त्यातून काही कळत नाही. अपार्टमेंटसाठी समोरच्या इमारतीच्या गच्चीची परवानगी घ्या, संध्याकाळी सूर्य उतरताना भिंतींवर जो उजेड येतो तो टिपा.

आणि पुढच्या वर्षाचा विचार आत्ताच करा. वय १८ ते ६५ आणि दहावी पास, एवढी पात्रता तुमच्याकडे आहे. डीजीसीएची मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेत काही दिवसांचा कोर्स केला की रिमोट पायलट सर्टिफिकेट मिळतं, ते १० वर्षं चालतं. पूर्वी पासपोर्टही लागायचा, सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स यांवरही काम होतं. संस्था निवडताना तिचं नाव मान्यताप्राप्त यादीत आहे का ते स्वतः तपासा, नुसत्या पाटीवर जाऊ नका. मग भारतात बनलेला, टाइप सर्टिफिकेट असलेला ड्रोन घ्या. खर्च आहे, पण सगळे कागद असलेला स्थानिक फोटोग्राफर म्हणून तुमचं नाव झालं, तर काकांसारखे दहा जण तुम्हाला शोधत येतील. एक गोष्ट मात्र तेव्हाही विसरू नका: अपघात झाला तर ४८ तासांत तो कळवणं पायलटवर बंधनकारक आहे.

हे वाचणाऱ्या बाकीच्या फोटोग्राफरांनाही दोन जागांबद्दल सांगते. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला शेतघरांच्या जाहिरातींची कामं येतात, अभयारण्यात चित्रीकरणाला वन विभागाची परवानगी लागते. आणि "मागे भुईकोट किल्ला दिसू दे" असा आग्रह कोणी केला तर किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, हे आधी आठवा.

राहिले काका आणि वडील. वडिलांचं म्हणणं मला पटतं, उपकार विसरायचे नसतात. पण उपकार फेडायचे म्हणून काकांच्या जाहिरातीवर पोलिसांची नोटीस आणणं, यात काकांचं काय भलं आहे? आधी वडिलांशी बोला, काकांसमोर नाही, घरी, जेवणानंतर. नकाशा फोनवर उघडून त्यांच्या हातात द्या आणि होटगी रोडवर बोट ठेवायला सांगा. मग दोघे मिळून काकांकडे जा. फोनवर हे बोलू नका. साधारण असं म्हणा:

"काका, काम मीच करणार. पण तुमचे प्लॉट विमानतळाच्या ८ किलोमीटरच्या आत आहेत, तिथे सरकारी परवानगी लागते. मी कागदपत्रं असलेला पायलट आणतोय, त्याचे एवढे पैसे वेगळे होतील. परवानगी आली की त्या आठवड्यात काम करून देतो. तोवर जमिनीवरचे आणि गच्चीवरून काढलेले फोटो तुम्हाला शनिवारपर्यंत देतो, जाहिरात त्यावर सुरू करता येईल. आणि महारेराचा नंबर तेवढा पाठवून ठेवा."

शनिवार मी उगाच लिहिलेला नाही. त्या आठवड्यात त्यांच्या हातात खरंच फोटो पडले पाहिजेत, म्हणून उद्याच काठी आणि क्लॅम्पची सोय बघा.